जीपगाडीची दुखणी आणि दुरुस्तीचा हिशेब

दारात ट्रॅक्टर असणे हे जसे शेतकऱ्याच्या ऐपतीचे लक्षण मानले जाते, तसे आता चारचाकी आहे का, हेही पाहिले जाऊ लागले आहे. आणि चारचाकी म्हटली की तेर, ढोकी, कळंब या पट्ट्यातल्या माणसाच्या डोळ्यापुढे छोटी मोटार येत नाही. येते ती उंच, दणकट, घरची सात-आठ माणसे बसतील आणि मागे दोन गोण्याही मावतील अशी गाडी. कुणी तिला बोलेरो म्हणो, कुणी स्कॉर्पिओ. जुनी माणसे अजूनही सरसकट 'जीप'च म्हणतात.

एके काळी कमांडर आणि ट्रॅक्स या काळी-पिवळीतल्या गाड्या होत्या, म्हणजे भाडे देऊन बसायच्या. टाटा सुमो १९९४ साली आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ जून २००२ मध्ये बाजारात आली. या दोन्ही आपल्या नाशिकच्या कारखान्यातल्या. आता या गाड्यांना वीस-पंचवीस वर्षे होऊन गेल्याने जुन्या गाड्यांचा मोठा बाजार तयार झाला आहे. दोन-अडीच लाखांपासून आठ-दहा लाखांपर्यंत, खिशाप्रमाणे गाडी मिळते. ऊसबिल आले किंवा सोयाबीन विकले की व्यवहार होतो.

अडचण पुढे आहे. गाडी घेताना किमतीवर आठ दिवस घासाघीस होते, पण तिच्या दुरुस्तीला वर्षाकाठी किती लागतील, हा प्रश्न कुणी विचारत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. इंजिनाचे पूर्ण काम निघाले तर ऐंशी हजारांपासून दीड लाखापर्यंत खर्च जातो. मधला सव्वा लाखाचा आकडा धरला, तरी हमीभावाने साडेतेवीस क्विंटल सोयाबीन झाले. एकरी आठ क्विंटल उतारा पडला, तर तीन एकरांचे सगळे पीक, त्यातून बी, खत, फवारणी, मळणी काहीही वजा न करता, एका इंजिनात गेले. आणि यातली बरीच इंजिने शे-पाचशे रुपयांच्या दुर्लक्षाने बसलेली असतात.

(या लेखातले दुरुस्तीचे आकडे मोघम धरावेत. गाडीचे मॉडेल, सुटा भाग कंपनीचा की बाजारातला, आणि गॅरेज गावातले की शहरातले, यावर ते वरखाली होतात.)

ट्रॅक्टरचे तास, गाडीचे किलोमीटर

ट्रॅक्टरच्या बाबतीत आपला शेतकरी पक्का असतो. तासाच्या मीटरवर नजर असते, अडीचशे तास भरत आले की ऑइल बदलायचे, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते. तोच माणूस गाडीच्या बाबतीत म्हणतो, "पळतीय तरी किती? गावातल्या गावात तर हाय." इथेच गफलत होते.

बहुतेक गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलावे लागते. नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तकात असतो. पण हा आकडा बऱ्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा. आपली गाडी पांदीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते. कारखान्याच्या काट्यावर, बाजार समितीत, लग्नाच्या मांडवापुढे एसी लावून तासन् तास उभ्या-उभ्या चालू असते. किलोमीटर एकही वाढत नाही, इंजिन मात्र राबत असते. तिचा हिशेब ट्रॅक्टरसारखा तासानेच धरावा, म्हणजे धुळीत आणि कमी वेगात चालणारी गाडी सात-आठ हजारालाच सर्व्हिसिंगला न्यावी.

ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि मजुरी मिळून बाहेरच्या गॅरेजला साधारण चार ते सात हजार रुपये लागतात. हे वाचवले की पहिला बळी जातो तो टर्बोचा. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेते आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. ऑइल काळे, जाड, काजळीचे झाले की दांडी घासते, शिटी वाजल्यासारखा आवाज येतो, ओढ कमी होते आणि निळसर धूर सुटतो. टर्बो दुरुस्त करून घेतला तर दहा-वीस हजार, नवा बसवला तर पंचवीस ते पंचेचाळीस हजार.

हायवेवरून दमात येऊन दारात लगेच चावी फिरवण्याची सवयही टर्बोला मारते. गाडी थांबल्यावर अर्धा ते एक मिनिट इंजिन नुसते चालू ठेवावे, मग बंद करावे. सकाळी चालू केल्याबरोबर रेस देऊ नये. याला एक पैसा लागत नाही.

आणखी एक. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रममधले ऑइल गाडीत ओतू नये. दोन्ही डिझेल इंजिनेच, हे खरे. पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो आणि त्यांना वेगळ्या प्रतीचे ऑइल लागते. पुस्तकात लिहिलेला ग्रेडच घालावा. हा काजळीचा फिल्टर आपोआप स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एका दमात चालावी लागते. गावातल्या गावातच फिरणाऱ्या नव्या गाडीचा दिवा पेटतो तो बहुधा यामुळे. दिवा दिसला की दुर्लक्ष करू नये. फिल्टर पूर्ण चोंदला तर बदलायचा खर्च जबर आहे.

धूळ आणि भुसा

काळ्या रानातला फुफाटा आणि मळणीच्या दिवसांतला सोयाबीनचा भुसा हे एअर फिल्टरचे वैरी. फिल्टर काही शे रुपयांपासून हजार रुपयांपर्यंत मिळतो. तो चोंदला की ओढ कमी, डिझेल जास्त, काळा धूर. तो फाटला किंवा नीट बसला नाही तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा-लायनर पॉलिश कागदाने घासल्यासारखे झिजवते. मग ऑइल खाणे सुरू होते.

फिल्टर टायरवर आपटून झटकायची पद्धत बंद करावी. कागदाच्या घड्या फाटतात. कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने आतून बाहेर मारावी. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये ऑइल असते म्हणून काहीजण गाडीच्या कागदी फिल्टरलाही ऑइल लावतात. तसे करू नये. दोन-तीनदा साफ केलेला फिल्टर टाकून द्यावा.

बोअरचे पाणी रेडिएटरला नको

मराठवाड्यात या गाड्यांचे सगळ्यात महागाचे दुखणे म्हणजे गरम होणे. चैत्रात येडाईच्या यात्रेला येरमाळ्याकडे दहा माणसे भरून, एसी लावून निघालेली गाडी चढाला वाफ सोडते, हे दृश्य नवीन नाही. तुळजापूरच्या घाटातही तेच. लोक म्हणतात, "ऊनच लई हाय, गाडी काय करंल." ऊन कारण असते, पण निम्मेच. चांगल्या अवस्थेतली गाडी चाळीस अंशातही घाट चढते.

यातले निम्मे दुखणे पाण्याचे आहे, आणि ते आम्हा कृषी खात्याच्या माणसांना चांगले ओळखीचे आहे. ठिबकच्या ड्रीपरवर आणि लॅटरलच्या तोंडावर पांढरा थर बसतो, तो बोअरच्या पाण्यातला क्षार. हेच पाणी रेडिएटरमध्ये घातले आणि नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापवले, तर क्षार ठिबकपेक्षा कितीतरी लवकर खाली बसतो. रेडिएटरच्या नळ्या गव्हाच्या काडीएवढ्या बारीक. त्या एकेक करून बुजतात. वर गंज चढतो, वॉटर पंपाचे सील जाते.

ठिबकला आपण ॲसिडची प्रक्रिया करतो, म्हणून कुणी रेडिएटरमध्ये ॲसिड सोडू नये. त्यात ॲल्युमिनियम असते, ते खाल्ले जाईल.

योग्य उपाय साधा आहे. कूलंट आणि बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी निम्मे-निम्मे मिसळून भरावे, किंवा तयार मिसळलेला डबा आणावा. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळते आणि गंज धरत नाही. पूर्ण बदलायला हजार-दोन हजार लागतात आणि पुस्तकाप्रमाणे दोन-तीन वर्षांनी बदलले की पुरते. रस्त्यात अडचण पडली आणि साधे पाणी ओतावेच लागले, तर घरी आल्यावर ते काढून टाकावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा, किडे, कचरा हलक्या पाण्याने इंजिनाच्या बाजूकडून पुढे धुऊन काढावा. प्रेशरचा पाइप जवळून मारला तर पाती दुमडतात.

रेडिएटरचे झाकण, रबरी होस, थर्मोस्टॅट, पंख्याचा फॅन क्लच या सगळ्या शेकड्यांत किंवा थोडक्या हजारांत होणाऱ्या वस्तू. त्यातले एखादे गेले आणि काटा लाल रेघेकडे सरकला, की पुढचे दहा मिनिटे फार मोलाची असतात. "दोनच किलोमीटर राहिलंय गाव" म्हणून गाडी रेटली की हेड वाकते, गॅसकेट जळते, कूलंट आणि ऑइल एक होते. हेड उतरवणे, मशीनवर फेस करणे, गॅसकेट, मजुरी मिळून पंधरा ते पस्तीस हजार. हेडला तडा असेल तर आणखी वर, आणि पिस्टन धरला तर वर सांगितलेले सव्वा लाखाचे काम.

काटा चढला की एसी बंद करावा, गाडी बाजूला घेऊन थांबवावी आणि बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास वाट पाहावी. तापलेले झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर येऊन माणसे भाजतात. तापलेल्या इंजिनावर कळशीभर गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो.

डिझेल, नोझल आणि युरियाची गोणी

जुन्या गाड्यांचा पंप आणि नोझल गावातला मिस्त्रीही बघत असे. कॉमन रेल इंजिन आल्यापासून ते सोपे राहिले नाही. फवारणीच्या एचटीपी पंपाचा दाब वीस ते चाळीस बारच्या आसपास असतो. या इंजिनांमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो. एवढ्या दाबाला पाण्याचा थेंब किंवा वाळूचा कणही नोझल खराब करतो. नवा नोझल बारा ते वीस हजारांना एक, आणि गाडीला बहुधा चार. टेस्टिंग करून दुरुस्त करणारी दुकाने सोलापूर-लातूरसारख्या शहरांत आहेत. तिथे कमी पैशांत भागते, पण सगळेच नोझल दुरुस्त होत नाहीत.

ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये साठवलेले डिझेल पावसाळ्यात पाणी धरते. ते गाडीत घालू नये. डिझेल फिल्टरच्या तळातले पाणी सर्व्हिसिंगच्या वेळी काढायला सांगावे. पाण्याचा दिवा लागला तर लगेच काढून घ्यावे.

आता युरियाचा विषय, कारण याबाबत आमच्याकडे विचारणा होते. काही नव्या डिझेल गाड्यांना डीईएफ नावाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. लोक त्याला 'युरिया' म्हणतात आणि ते खरेही आहे: शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. म्हणून काहींच्या मनात येते की, घरात गोणी पडली आहे, पाण्यात विरघळवून भरावी. असे कदापि करू नये. आपल्या गोणीतला युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचे लेपन केलेला येतो. ते तेल आणि इतर अशुद्धता गाडीच्या यंत्रणेत जाऊन बसते आणि पंप, सेन्सर सगळे बदलावे लागते. शिवाय ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती अनुदानामुळे, पिकासाठी. ती दुसरीकडे वापरणे किंवा विकणे हा खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार गुन्हा ठरतो. डीईएफचा बंद डबाच आणावा.

ओझे आणि रस्ता

तगर म्हणजे आपल्या तेरचा माल बैलगाड्यांतून, धड वाट नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोच बंदराला जात असे, अशी नोंद 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात आहे. आज हायवे चांगले झाले, पण शेवटच्या तीन-चार किलोमीटरांना ते वर्णन अजून लागू पडते. त्यामुळे खालच्या भागाची झीज इथे लवकर होते: बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, शॉकअप. खड्ड्यात खडखड, स्टिअरिंगला ओढ, टायर एकाच कडेने घासलेले, ही खूण. पुढचा सगळा भाग एकदम काढला तर दहा ते पंचवीस हजार. एकेक बुश वेळेवर बदलला तर काही शेकड्यांत भागते. नाही बदलला तर टायर खाल्ले जातात, आणि चार टायर तीस हजारांच्या आसपास गेले आहेत.

बोलेरोला मागे पाटे आहेत म्हणून ती ओझे पेलते, असा समज आहे. पाटा पेलतो, क्लच नाही. खताच्या वीस गोण्या, म्हणजे नऊशे किलो, भरून चिखलातून अर्धा क्लच दाबून काढली की प्लेट जळते. क्लच सेट आणि मजुरी मिळून दहा ते वीस हजार. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय तर बऱ्याच जणांना आहे. ओझ्यासाठी ट्रॉली आहे, पिकअप भाड्याने मिळते.

आडोशाला, कडब्याच्या गंजीजवळ किंवा सोयाबीनच्या थप्पीशेजारी लावलेल्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. नव्या गाड्यांची वायरिंग महाग आहे. गाडी धान्यापासून लांब लावावी, आणि चार दिवस उभी असेल तर बॉनेट उघडून पाहावे.

पुरात बुडालेली गाडी

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्यात, विशेषतः भूम-परंडा भागात, पाणी थेट घरांत शिरले. असे पाणी गाडीतही शिरते आणि ओसरल्यावर 'बघू तरी चालू होते का' म्हणून चावी फिरवली जाते. सिलिंडरमध्ये पाणी असताना चावी मारली तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दुरुस्तीला सापडणारी गाडी तिथे इंजिनाच्या कामाला जाते. बुडालेली गाडी चालू न करता, बॅटरीची तार काढून, ओढूनच गॅरेजला न्यावी. फोटो काढावेत, विमा कंपनीला लगेच कळवावे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे काही मिळत नाही. पूर्ण विम्यातही पाण्यात चालू करून बिघडलेले इंजिन बहुधा धरले जात नाही. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

जुनी गाडी पारखताना

तेरच्या माणसाला पारख शिकवायची म्हणजे धाडसच. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा इथे पोराटोरांना पाठ आहे. पण गाडी बघताना हीच माणसे पॉलिश, सीटकव्हर आणि म्युझिकवर भुलतात.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघावी. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर परत जावे. चालू करताना धुराचा रंग पाहावा: निळा म्हणजे ऑइल जळते, पांढरा धूर सतत येत राहिला तर पाणी किंवा नोझलची शंका. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल करून बघावे. जोराने धूर उलटा मारत असेल तर रिंगा झिजल्या. झाकणाखाली ताकासारखा पांढरट साय दिसला तर ऑइलमध्ये पाणी आहे. इंजिन थंड असतानाच रेडिएटरमध्ये डोकवावे. तांबडे गंजके पाणी दिसले की त्या गाडीची निगा कशी राखली, ते कळले. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा पेडलचे झिजलेले रबर जास्त खरे बोलते. ओळखीच्या फिटरला पाचशे-हजार देऊन सोबत न्यावे.

कागदात आरसी बुकवर बँकेचा बोजा आहे का ते बघावे. असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते, कारण वर्षभरात तपासणी, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर नव्या मालकाच्या गळ्यात पडणार असतो. सरकारी लिलावातली जुनी जीप घेण्याचा मार्ग मात्र आता नाही. पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्या १ एप्रिल २०२३ पासून भंगारातच काढाव्या लागतात.

गॅरेजला गाडी दिली की काम सांगून, अंदाज विचारून, पक्के बिल मागावे आणि बदललेला जुना भाग परत घ्यावा. गाडीच्या सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर तो आकडा तपासावा. ऑइल डोळ्यादेखत ओतून घ्यावे. सरकारी जीपला लॉगबुक असते, तसे एक वहीचे पान घरच्या गाडीसाठी ठेवावे: तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती रुपये. पुढे गाडी विकायला काढली, तर गिऱ्हाईक हे पान आधी मागते.